शेजारच्या सीटचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक चोरटा ब्रेक असतो, हे मला वहिनी घरात आल्यावर कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, ही माणसं नुसती देवावर हवाला ठेवून बसतात. शिकणाऱ्याच्या पायाशी त्याची पेडलं असतातच. शिवाय शेजारी बसलेल्या वहिनीच्या पायाशी आणखी दोन, एक ब्रेक आणि एक क्लच. समोरच्याची भंबेरी उडाली की ती आपल्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबते, गाडी थांबते, आणि पुष्कळदा शिकणाऱ्याला वाटतं की आपणच वेळेवर थांबवली. वहिनी त्याला तसं वाटू देते. मी असते तर तिथल्या तिथे सांगितलं असतं, की बाबा, आत्ता तू मेला असतास. म्हणूनच मी टपाल कचेरीच्या खिडकीवर बसते आणि ती गाडीत.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही एकाच इमारतीत राहतो. ती दोघं दुसऱ्या मजल्यावर, मी एकटी तिसऱ्या. लग्न होऊन आली त्याच्या आठव्या दिवशी तिने माझं नाव ठेवलं हॉर्न. "गाडीचा हॉर्न गरज पडली तर वाजतो, आपल्या घरचा सारखाच वाजतो," असं ती दादाला म्हणाली आणि तो निर्लज्जासारखा हसला. मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी मलाच बोलल्यावाचून राहवेना.

अठरा वर्षं ती लोकांना गाडी शिकवते आहे. तिची एक जाड वही असते, दर शिकाऊला एक पान. पानाच्या कडेला एक रकाना, त्याच्या डोक्यावर लिहिलेलं 'पाय'. त्या दिवशीच्या धड्यात जितक्या वेळा तिला आपला ब्रेक दाबावा लागला तितक्या उभ्या रेघा. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस, मग पंधरा, मग पाच. एका दिवशी एकच गोष्ट शिकवायची आणि वहीतला पाय कोणाला दाखवायचा नाही, हे तिचे दोन नियम.

मी एकदा तिला विचारलं होतं, "रेघा संपल्या की माणूस तयार झाला, असंच ना?"

"रेघांवर नाही गं. कधीतरी माझ्या लक्षात येतं, की मी मघापासून खिडकीबाहेर बघत दुकानांच्या पाट्या वाचत बसलेय. पाय कुठे ठेवलाय तेही आठवत नाही. त्या दिवशी मी सांगते, जा, परीक्षेचा अर्ज भर."

तर ही अशी बाई पाच वर्षांपूर्वी एका सकाळी गाडीत बसली आणि किल्ली फिरवेना. पाऊण तासाने शिकाऊचा घरी फोन आला, बाई कुठे आहेत म्हणून. दादाने खिडकीतून पाहिलं तर गाडी खालीच. तो धावत गेला. वहिनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. "हात उचलत नाहीये," एवढंच म्हणाली.

त्यानंतरचे दोन महिने मला आठवायला आवडत नाहीत. ती पडून असायची. केस विंचरायचे तर दादा विंचरायचा, तेही वाकडेतिकडे. कारण काय, कारण काय, असं जो तो विचारायचा. मी तर दहादा विचारलं. भांडण झालं का? कोणी बोललं का? काहीही झालेलं नव्हतं. मला कारण नसलेल्या गोष्टींचा राग येतो. आमच्याकडे पत्र परत आलं तरी त्यावर कारण लिहिलेलं असतं.

दादा तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. सुरुवातीला काही फरक दिसेना, आणि मी आपली जिन्यात उभी राहून "बघा, मी म्हटलं नव्हतं" म्हणायच्या तयारीत. मग सातव्या आठवड्यात एके दिवशी मी वर चढत असताना त्यांच्या दारातून तिचं हसू ऐकू आलं. मी पायरीवरच बसले. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता.

ती कामावर परतली. सगळं रुळावर आलं. त्याच काळात तिची आई गेली, तेव्हा तिने सगळं शांतपणे केलं. माणसांना कळवलं, आईचं घर आवरलं, चार दिवसांनी गाडीत जाऊन बसली. डोळ्यांतून टिपूस नाही. मी शेजारणीला जिन्यात म्हटलं, "काळीज दगडाचं झालंय हिचं." मी हे बोलले. आता लिहितानाही लाज वाटते, पण बोलले हे खरं.

आणि मग तो रविवार. दादाचे दोन मित्र जेवायला आले होते. वहिनी त्यांना पाणी ओतत होती. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी चारचौघांत म्हणाले, "अजून चालूच आहेत का गं तुझ्या त्या गोळ्या? आता काय धाड भरलीये तुला? सवय लागेल हो, मग जन्मभर सुटायच्या नाहीत."

वहिनीने पाणी ओतलं, जग खाली ठेवला. मित्रांनी ताटात डोकं घातलं. मी आणखी थोडा भात वाढून घेतला.

पुढे कळलं ते असं. गोळ्या कमी करण्याबद्दल तिने आधीच डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, पुढच्या भेटीत नीट बोलू. पुढची भेट महिन्यावर होती. माझं ते बोलणं ऐकून तिला धीर धरवेना. सोमवारी सकाळी तिने गोळ्यांचं पाकीट कपाटाच्या खणात मागे ढकललं आणि खण बंद केला. दादालाही सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवसापासून तिला चक्कर येऊ लागली. झोपेत भलती स्वप्नं पडायची, जागी झाली की अंग घामाने भिजलेलं. दादाने चमचा जोरात ठेवला तर ती त्याच्यावर ओरडली, आणि ओरडली म्हणून रडली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. क्षणभरच, दुखायचं नाही, पण त्या क्षणापुरतं जग तुटायचं.

आता दुसरं कोणी असतं तर डोळे न फिरवता आठवडा काढला असता. हिचा धंदाच डोळे फिरवण्याचा. समोरचा आरसा, बाजूचा आरसा, मान वळवून मागे, पुन्हा समोर. दिवसातून हजार वेळा.

शनिवारी तिच्या गाडीत घड्याळजी होते. आमच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वय त्रेसष्ट. बायकोला गुडघ्यांमुळे बसच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून हे गृहस्थ या वयात गाडी शिकायला निघाले होते. त्यांचा पाय पंचविसावरून दोनवर आला होता. चौकात वळायचं होतं. रस्ता मोकळा होता. वहिनीने आरसा पाहिला, मान वळवली, आणि डोक्यात ती वीज चमकली. त्या क्षणात तिला वाटलं, काहीतरी अंगावर येतंय. तिने सगळं बळ लावून ब्रेक दाबला.

समोर काहीच नव्हतं. मागे मात्र मालाची गाडी होती. तिचे टायर किंचाळले आणि ती वीतभर अंतरावर येऊन थांबली. चालकाने डोकं बाहेर काढून घड्याळजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

घड्याळजी पांढरेफटक. "बाई, माझं काय चुकलं?"

इतक्या वर्षांत तिने कोणाला पाय दाखवला नव्हता. त्या दिवशी म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. मी दाबला. उगाच दाबला. मी आज इथे बसायलाच नको होतं."

तिने गाडी कडेला घ्यायला लावली, आपल्या ड्रायव्हिंगच्या शाळेत फोन करून दुसऱ्या शिक्षकाला बोलावलं, आणि तो येईपर्यंत दोघं फुटपाथवर उभी राहिली. मग ती चालत शाळेच्या मालकाकडे गेली आणि मी सांगेपर्यंत मला गाडीत बसवू नका, असं तिने स्वतःच सांगितलं. मालक माणूस वाईट नाही, पण धंदेवाला. म्हणाला, "विश्रांती घ्या. पण शिकणारे थांबत नाहीत बाई. तुमच्या गाडीवर मी दुसरा माणूस बसवीन. फार लांबलं तर त्यालाच कायम करावं लागेल."

तिथून ती घरी गेली नाही. माझ्या कचेरीत आली, रीतसर नंबर घेतला आणि रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा मी मान खाली घालूनच विचारलं, "साधं की नोंदणीचं?"

"मी गोळ्या बंद केल्यात," ती म्हणाली. "सोमवारपासून. आज एक माणूस मेला असता. माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येतेस?"

मी खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली. सव्वीस वर्षांत जेवणाची सुट्टी सोडून मी ती पाटी कधी लावलेली नाही. रांगेतून आरडाओरडा झाला, तर मी सगळ्यांच्या वरचा आवाज लावला.

रस्त्यात तिला विचारलं, "दादाला का नाही सांगितलंस?"

"तो घाबरेल. तू रागावशील. मला आत्ता रागावणारं माणूस बरं."

पण मला रागावता येईना. रविवारचं माझंच वाक्य मला आठवत होतं.

डॉक्टरीणबाई साठीच्या आहेत, हळू बोलतात, आणि बोलताना समोरच्याकडेच बघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सरळ विचारलं, "जगणं नको, असं काही मनात येतं का?"

"नाही," वहिनी म्हणाली. "तेव्हा आलं होतं. गाडीत बसले होते त्या दिवशी. आता नाही."

मी तिच्या शेजारी बसले होते. तीन वर्षं मी तिला कारण विचारत होते, आणि हे मात्र कधी विचारलं नव्हतं. मी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

"मग हा आजार परत आला का?" मी विचारलं.

"तसं दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार परतला तर बहुधा हळूहळू येतो, काही आठवड्यांनी. हे औषध अचानक तोडल्यामुळे झालंय. तीन वर्षं शरीराने त्या गोळीशी जुळवून घेतलं, तुम्ही ती एका दिवसात काढून घेतलीत."

"म्हणजे सवयच लागली ना!" माझ्या तोंडून निघालंच.

"दारूची लागते तशी नाही. ती हवी म्हणून जीव कासावीस होत नाही. पण शरीराला सुटायला वेळ लागतो, आणि तो द्यावा लागतो." त्या वहिनीकडे वळल्या. "तुम्हाला औषध सोडायचंय का?"

"हो. दोन वर्षं मी बरी आहे. मला बघायचंय. पण मला माझी सीटही हवीय."

"दोन्ही करू. पण घाई असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी हातच लावत नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. उद्यापासून पुन्हा पहिल्याइतकी गोळी. सगळं स्थिर झालं की महिन्याभराने थोडी कमी करायची, मग निदान चार आठवडे थांबायचं आणि बघायचं. त्रास झाला तर आणखी थांबायचं, फारच झाला तर एक पायरी मागे यायचं. मागे येणं म्हणजे नापास होणं नव्हे. एक दिवस घ्या आणि एक दिवस सोडा, असला उद्योग करायचा नाही. घरी सुरीने गोळी कापायची नाही. कुठली कापता येते आणि कुठली नाही ते त्या सांगणार. शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत लहान, त्यांच्यासाठी पातळ औषध, मापाने. आणि दर पायरीनंतर त्या हो म्हणेपर्यंत गाडीत बसायचं नाही.

"किती दिवस लागतील?" वहिनीने विचारलं.

"वर्ष धरून चाला. आणि घरातलं एक माणूस हवं, रोज बघून लिहून ठेवणारं. स्वतःचं स्वतःला दिसत नाही. यजमान?"

"नको," वहिनी म्हणाली. "ही लिहील. हिची जीभ तिखट आहे, पण नजर चांगली आहे."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, माझ्यामुळेच तर तू बंद केल्यास. मीच बोलले ना रविवारी."

"हो," ती म्हणाली. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. "म्हणून तर तुलाच बसवतेय शेजारी."

मी नवी वही आणली, रेघा आखल्या, तारीख-वार-वेळ घातली. सव्वीस वर्षं नोंदवह्या भरल्यात, कोणी नावं ठेवायला नको. रोज सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी आल्यावर मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसायची आणि लिहायची. पंधरा दिवसांनी वहिनीने वही मागून घेतली आणि मोठ्याने वाचली. "'सकाळी सात चाळीस. चिडल्या. कारण: मी. सात बेचाळीस. पुन्हा चिडल्या. कारण: पुन्हा मी.' हॉर्न, ही नोंदवही आहे की आरोपपत्र?" दादाला हसताना ठसका लागला. दादाला आम्ही त्याच शनिवारी सांगितलं होतं. तो घाबरलाच, आणि मग रोज तिचे कपडे इस्त्री करायला लागला, न सांगता.

तिने पेन घेऊन माझ्या वहीत कडेला एक रकाना आखला. वर लिहिलं, 'पाय'.

"हा तुझा," ती म्हणाली. "विचारल्याशिवाय सल्ला दिलास, झोप म्हणालीस, जेव म्हणालीस, आज कामाला जाऊ नकोस म्हणालीस, की एक रेघ. खरी खरी मारायची."

पहिल्या महिन्यात माझ्या एकशे चौदा रेघा झाल्या. घड्याळजींनी पहिल्या दिवशी गाडी कचराकुंडीवर घातली होती, तेव्हाही त्यांच्या एवढ्या नव्हत्या.

पहिली पायरी सोपी गेली. दोन-तीन दिवस डोकं गरगरलं, झोप तुटली, मग निवळलं. त्या दिवसांत ती शाळेच्या मागच्या खोलीत फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवायची. तिच्या गाडीवर मालकाने एक तरणाबांड शिक्षक बसवला होता. तो शिकाऊंवर ओरडायचा, आणि ते तिला मागच्या खोलीत ऐकू यायचं. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं की ती आठवडेच्या आठवडे पुन्हा गाडीत बसायची, आणि पुढची पायरी आली की उतरायची. असं सारखं चढ-उतर करणं मालकाला पटेना. "एकदा काय ते ठरवा," तो म्हणायचा. दुसऱ्या पायरीला घड्याळजी दुकानात काम हातात घेऊन बसून राहिले आणि त्यांनी मालकाला निरोप धाडला, की बाई येईपर्यंत मी शिकत नाही, माझा वेळ माझ्यापाशी आहे. त्यांचं बघून आणखी दोघीजणी थांबल्या. मालक मग गप्प बसला.

तिसऱ्या पायरीला ती वीज परत आली. आठवडा गेला तरी जाईना. मी वहीत लिहीत होते आणि माझी जीभ वळवळत होती: आता पुरे, घे गं बाई पूर्ण गोळी, काय अडलंय. जीभ चावून मी डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्यांनी एक पायरी मागे घेतली, सहा आठवडे तिथेच ठेवलं, मग निम्म्याच उंचीची पायरी दिली. या वेळी वीज आली नाही. घड्याळजी त्याच सुमारास परीक्षा पास झाले. त्यांनी पहिल्याच दिवशी बायकोला घेऊन वहिनीच्या दारासमोर गाडी आणली आणि हॉर्न वाजवला. मला वाटलं मलाच बोलावतायत.

मग तो दुपारचा प्रसंग. पातळ औषध सुरू झालं होतं, माप अगदी थोड्यावर आलं होतं. सुट्टीचा दिवस होता. मी खाली उतरत होते तर आतून रडणं ऐकू आलं. साधं नाही, पोटातून येणारं. मी दार ढकललं. वहिनी कपाटासमोर जमिनीवर बसली होती, मांडीत आईचा चष्मा. तिने मला पाहिलं, आणि रडणं थांबवलं नाही.

आलं परत, म्हटलं. वर्षभराची मेहनत पाण्यात. मी जिन्यात गेले, तोंडावर पदर दाबावा तसा हात दाबून डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि जे पाहिलं ते सांगितलं.

"कधीपासून रडतायत?"

"अर्धा तास झाला असेल."

"काल कशा होत्या?"

"काल बऱ्या होत्या. काल मालकाची नक्कल करून दाखवली."

"आत्ता त्यांना बोलता येतंय का, ते बघा. आणि रडून झाल्यावर काय करतात ते बघा. मग मला फोन करा."

मी परत आत गेले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले. माझेही गुडघे काही आता विशीतले नाहीत, पण बसले. तिने चष्मा माझ्यासमोर धरला. काचेवर एक पुसट ठसा होता, अंगठ्याचा.

"आईचा आहे," ती म्हणाली. "ती चष्मा असाच काढायची, काचेला धरून. मी किती वेळा ओरडायचे तिला." मग पुन्हा रडली. "ती गेली तेव्हा मला काही वाटलंच नाही गं. म्हणजे वाटत होतं, पण काचेपलीकडे. मी तिच्यासाठी रडलेच नाही."

मला राहवलं नाही. "मी तुला तेव्हा दगड म्हटलं होतं," मी म्हणाले. "शेजारणीपाशी."

"माहितीये. जिन्यात आवाज घुमतो."

मग मीही रडले. तिची आई मला कधी फारशी आवडली नव्हती, पण रडले. तासाभराने वहिनी उठली, तोंड धुतलं, चष्मा न पुसता डबीत ठेवला, आणि दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेली. तिथून ओरडली, "चहा टाकतेस का, की त्याचीही वहीत नोंद करायचीय?"

मी डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे दुःख असावं. ते यायचंच होतं. लक्ष ठेवा, झोप, जेवण, काम बिघडलं तर लगेच कळवा. आत्ता माप आहे तेच राहू द्या, आणखी महिनाभर." मी वहीत लिहिलं: 'दुपारी तीन ते चार. आईसाठी रडल्या. मीही.' आणि पायाच्या रकान्यात एक रेघ मारली, फोन केला म्हणून. वहिनीने ती रात्री जेवताना पाहिली आणि खोडली. "हा दाबायलाच हवा होता," म्हणाली.

शेवटचं माप घेतलं तेव्हा त्या शनिवारच्या भेटीला पंधरा महिने झाले होते. आम्ही काही साजरं केलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की औषध संपलं म्हणजे काम संपलं नाही, पुढचे काही महिने बघणं चालूच ठेवा, पाच महिन्यांनी मला भेटा, वही घेऊन या. मधल्या काळात वहिनीला तिची गाडी कायमची परत मिळाली. तरण्याबांड शिक्षकाला मालकाने दुसरी दिली. वहिनी म्हणते, आता तो कमी ओरडतो.

पाच महिन्यांनी आम्ही गेलो. त्याच दोन खुर्च्यांवर बसलो. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला झोप विचारली, जेवण विचारलं, मनात काय काय येतं ते सगळं विचारलं, आणि वहिनीने सरळ उत्तरं दिली. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "वही?"

मी पिशवीतून वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. शेवटची नोंद सात आठवड्यांपूर्वीची होती. 'सकाळी सात पन्नास. दूध उतू गेलं. हसल्या.' त्यापुढे काही नाही. पान कोरं, त्यामागचं कोरं, पायाचा रकानाही कोरा. सव्वीस वर्षांत माझी नोंदवही एक दिवस कोरी राहिलेली नाही, आणि इथे, जिथे माझ्यावर भरवसा टाकला होता, तिथे सात आठवडे.

"मी विसरले," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे किती अवघड आहे. "रोज जात होते हो मी. रोज सकाळी तिथेच बसत होते. चहा पीत होते. पडद्यांचा रंग कुठला घ्यायचा यावर आमचं भांडण झालं... पण लिहायचं विसरले. वही कुठे ठेवलीय तेही आज शोधावं लागलं."

डॉक्टरीणबाईंनी कोरी पानं उलटून पाहिली. "सात आठवडे? मग इतके दिवस तुम्ही करत काय होतात?"

वहिनीने त्यांच्या हातातली वही घेतली, मिटली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"पाट्या वाचत होती," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी हमसून रडायला लागले, तिथेच, त्यांच्यासमोर. वहिनीने पर्समधून रुमाल काढून दिला. दादाने इस्त्री केलेला होता.